विश्लेषण : संगणकाचा एसएमपीएस निम्म्या भारावरच चालवावा का? जास्त वॅट घेतल्याने नेमके काय वाचते?

अभियांत्रिकीचे प्रवेश झाले की संगणक जोडून घेणाऱ्यांची पावले मुंबईत लॅमिंग्टन रोडकडे वळतात. प्रोसेसर कोणता, ग्राफिक्स कार्ड कोणते यावर तासभर खल होतो आणि उरलेल्या पैशांत एसएमपीएस बसवला जातो. मग एक तर कॅबिनेटसोबत आलेल्या बिननावाच्या डब्यावर भागवले जाते, नाहीतर ‘साडेआठशे वॅटचा घ्या, निम्म्यावर चालेल, टिकेल’ असा सल्ला मिळतो. पहिल्यात संगणकाला धोका आहे, दुसऱ्यात खिशाला.

जास्त वॅट म्हणजे जास्त वीजबिल?

नाही. डब्यावर लिहिलेले वॅट ही कमाल क्षमता असते. आतले भाग मागतील तेवढीच वीज एसएमपीएस पुरवतो. सॉकेटमधून मात्र तो त्याहून थोडी जास्त खेचतो आणि हा फरक उष्णता होऊन वाया जातो. हा फरक किती, यालाच कार्यक्षमता म्हणतात.

मग ५० टक्क्यांचे खूळ आले कुठून?

‘८० प्लस’ हे प्रमाणपत्र २००४ पासून दिले जाते. त्यात २०, ५० आणि १०० टक्के भारावर कार्यक्षमता मोजतात. २३० व्होल्टवरील गोल्ड दर्जासाठी हे किमान आकडे अनुक्रमे ९०, ९२ आणि ८९ टक्के आहेत. मधला आकडा सर्वात मोठा, म्हणून निम्मा भार उत्तम, असा निष्कर्ष निघाला. तो चुकीचा नाही, पण त्याची किंमत कुणी काढत नाही.

ती काढून पाहू. आरटीएक्स ४०६० कार्डाची कमाल मागणी ११५ वॅट, रायझन ५ ७६०० प्रोसेसरची ८८. मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे धरून बेरीज २५० च्या आसपास जाते. साडेपाचशे वॅटच्या गोल्ड एसएमपीएसवर हा भार जवळपास निम्मा आहे, म्हणजे सॉकेटमधून सुमारे २७२ वॅट जातील. साडेआठशेच्या डब्यावर हाच भार ३० टक्क्यांखाली येतो. तिथे कार्यक्षमता ९१ टक्के धरली तर २७५ वॅट. फरक ३ वॅटचा! रोज आठ तास पूर्ण भार धरला, जो प्रत्यक्षात क्वचितच असतो, तरी वर्षाला ९ युनिट. दहा रुपये युनिट दराने नव्वद रुपये. म्हणजे मोठ्या डब्यासाठी जादा पैसे मोजायचे आणि वीजही किंचित जास्तच जाळायची.

याउलट बिननावाच्या डब्याची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर त्याच कामाला ३५७ वॅट लागतात. तोच हिशेब वर्षाला सुमारे २५० युनिटवर, अडीच हजार रुपयांवर जातो. थोडक्यात, पैसे टाकायचे ते दर्जावर, वॅटवर नव्हे.

थोडी मोकळी जागा मात्र हवीच. सर्वाधिक भार क्षमतेच्या ६० ते ७० टक्क्यांत बसला तर पंखा कमी ओरडतो आणि आतले कपॅसिटर कमी तापतात. तापमान दहा अंशांनी वाढले की कपॅसिटरचे आयुष्य साधारण निम्मे होते, असा ढोबळ ठोकताळा आहे. काही एसएमपीएसची क्षमता ४० अंशांवर मोजलेली असते, काहींची ५० अंशांवर. मे महिन्यात नागपूरच्या खोलीत बंद कॅबिनेटच्या आत काय होत असेल, हे वेगळे सांगायला नको.

स्टिकरवर काय पाहायचे?

१२ व्होल्टच्या ओळीसमोरचे अँपिअर. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड मुख्यतः याच ओळीवर चालतात. वर ठळक अक्षरांत ‘४५० वॅट’ आणि १२ व्होल्टसमोर १६ अँपिअर असेल, तर कामाचे वॅट १९२ च. अशा डब्यावर गेम ऐन रंगात आला की संगणक बंद पडतो आणि दोष ग्राफिक्स कार्डाला दिला जातो. आधुनिक कार्डे क्षणभरासाठी सरासरीच्या कितीतरी पट वीज ओढतात. त्यासाठीच २०२२ च्या एटीएक्स ३.० मानकात १०० मायक्रोसेकंद दुप्पट भार सोसण्याची अट आली. साडेचारशे वॅटच्या आरटीएक्स ४०९० साठी साडेआठशेचा आग्रह त्यामुळेच रास्त आहे. ४०६० साठी तो निव्वळ विक्री आहे.

यूपीएसचे काय?

वीज जाणे जिथे रोजचे, तिथे खरी अडचण इथे येते. घराघरांतला ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटच देतो. वरचा २७२ वॅटचा संगणक आणि त्यावर मॉनिटर जोडला की तीनशे झाले. बॅटरी जुनी झालेली असेल तर वीज जाताच फाइल सेव्ह करण्याइतकाही वेळ मिळत नाही. अशा घरात साडेपाचशे वॅटचा गोल्ड एसएमपीएस घेऊन वाचलेली रक्कम हजार व्हीएच्या यूपीएसमध्ये घातलेली बरी.