घाटात एकच गिअर? चालेल की, पण कुठला?

होस्टेलवर सायकलचा विषय निघाला की दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते, घाट चढायचा तर एकवीस गिअरची सायकलच पाहिजे. दुसरी इंटरनेटवर फिक्स्ड गिअरच्या सायकली बघून आलेली असते. तिचं म्हणणं, एकच गिअर, फ्रीव्हीलसुद्धा काढून टाका, खरी मजा त्यातच! आमच्या मते दोघांचंही चुकतंय. का, ते सांगतो.

आधी फिक्स्ड गिअर म्हणजे काय? लहानपणीची तीनचाकी आठवा. चाक फिरलं की पायडल फिरणारच, पाय थांबवायची सोय नाही. आपल्या साध्या काळ्या सायकलला मागे फ्रीव्हील असतं, म्हणून उतारावर पाय स्वस्थ ठेवून कटकट आवाज ऐकत जाता येतं. गिअर दोन्हींत एकच. फरक फक्त फ्रीव्हीलचा.

आता पहूर घ्या. पहूरहून वाकोदवरून फर्दापूर गाठायचं आणि पुढे अजिंठ्याचा घाट. घाटाच्या अलीकडे साध्या सायकलचं काही अडत नाही. खरी परीक्षा घाटात! तिथे लोक उतरून सायकल हातात धरतात आणि म्हणतात, 'गिअर नाही ना भाऊ!'

जरा गणित करू, व्हायवा नाही, घाबरू नका. समजा पुढे ४४ दाते, मागे १८ आणि २८ इंची चाक. पायडलच्या एका फेऱ्यात सायकल साधारण ५.४ मीटर जाते. माणूस आणि सायकल मिळून ८० किलो, चढ शंभराला पाच. मग पायडलवर सरासरी २३ किलोचा जोर लागतो. सरासरी बरं का! पायडल अगदी वर किंवा अगदी खाली असताना जोर जवळजवळ लागतच नाही, म्हणून मधल्या टप्प्यात तो दुपटीच्या आसपास जातो. माणूस उभं राहून पायडल मारतो तो उगाच नाही.

आता मागचं १८ दात्यांचं फ्रीव्हील काढून २२ चं बसवा. एका फेऱ्यात सायकल ४.४ मीटर जाईल, पण जोर १९ किलोवर येईल. चेनला एखादी जादा कडी लागेल, बस्स. सपाटीवर वेग थोडा कमी होईल, तर होऊ द्या. म्हणजे दोष एकच गिअर असण्यात नाही. सपाटीचा गिअर घाटात नेण्यात आहे.

हे काही आम्ही नवीन शोधलेलं नाही. टूर द फ्रान्समध्ये १९१० साली पिरेनीज पर्वत आला, पण डिरेलर गिअरला परवानगी मिळाली १९३७ साली. तोपर्यंत स्वार चढाच्या पायथ्याशी उतरायचे, मागचं चाक काढून उलटं लावायचे. चाकाच्या दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या दात्यांची चक्रं असायची. मोठमोठे पहिलवान स्वार, पण दात्यांचा हिशेब त्यांनाही चुकला नाही!

मग फ्रीव्हील काढायला काय हरकत? चढताना काहीच नाही. फिक्स्डवाले म्हणतात की पायांनी वेग आवरता येतो, आणि ते खरंही आहे. पण घाट चढला की उतरावाही लागतो ना! ताशी ४० किलोमीटरला ४४-१८ वर पाय मिनिटाला १२३ फेरे मारणार. चढासाठी २२ दाते घेतले असतील तर १५० च्या वर! पाय निसटला तर फिरतं पायडल नडगीवर बसणार. वळणावर सायकल कलली आणि आतलं पायडल खाली असलं तर ते रस्त्याला घासणार, कारण ते वर धरून ठेवता येत नाही. एस.टी. आणि ट्रक चालू असलेल्या घाटात हा प्रयोग कशाला? निदान पुढचा चांगला ब्रेक नसेल तर मुळीच नको. साध्या सायकलवाल्यांनीही लक्षात ठेवा, पावसात ओल्या स्टीलच्या रिमवर ब्रेक फार कमी धरतो. वेग वाढायच्या आधीच ब्रेक दाबत राहा.

आता थोडं गंभीर. आपल्यासाठी सायकल ही रविवारची हौस. पण डोंगराकडच्या गावांत कुणी त्याच सायकलवर दुधाचे कॅन नेतो, कुणी शेतावर जातो. मानव विकास कार्यक्रमात शासन शाळकरी मुलींना सायकली देतं, चांगली गोष्ट आहे. पण ज्या गावाच्या वाटेत चढ आहे, तिथल्या सायकलचे दाते कुणी मोजले आहेत का? चढावर रोज उतरून चालणारी मुलगी म्हणेल, आपल्यातच दम नाही. दम आहे हो, दाते चुकलेत!

आपण फायनल इयरला बाहेरून किट आणून प्रोजेक्ट करतो, बाइंडिंग सोनेरी करतो. त्यापेक्षा एखाद्या ग्रुपने डोंगराकडचं एक गाव निवडावं, चढ मोजावा, दाते मोजावे आणि गावातल्या सायकलवाल्या काकांना सोबत घेऊन फ्रीव्हील बदलून द्यावीत. मार्क किती मिळतील ते सर जाणोत. पण चार पोरी घाटात सायकलवरून न उतरता शाळेत पोचल्या, तर त्याहून मोठी डिस्टिंक्शन कुठली?

बघा, पटतंय का!