पुन्हा प्रयत्न करा

पंधरा दिवसांपूर्वी आईचा फोन आला. "अरे, बाबांचं कानाचं मशीन मोबाइलला जोडलंच जात नाहीये. चार दिवस झाले."

बाबांच्या हिअरिंग एडमध्ये ब्लूटूथ आहे, त्यामुळे कॉल थेट कानात येतो. ते बंद म्हणजे त्यांचं फोनवर बोलणंच बंद. मी पुण्यात, ते सांगलीत. आता ज्या माणसाला फोनवर ऐकू येत नाही त्याला फोनवरून सूचना कशा देणार? मग मी आईला सांगायचं, आईने बाबांना.

"फर्गेट दाबायला सांग."

"ते म्हणतायत, विसरलं तर परत आठवेल का त्याला?"

शेवटी शनिवारी एसटी धरली. काम निघालं दहा मिनिटांचं! मशीन सर्व्हिसिंगला दिलं होतं, तिथे ते रीसेट झालेलं. पेअरिंग करताना दोन्हीकडे मिळून एक किल्ली तयार होते आणि दोघंही ती जपून ठेवतात. मशीनकडची गेली, फोनकडे जुनीच राहिली. यादीत नाव दिसतंय, म्हणून सगळं ठीक वाटतं, पण कुलूप बदललेलं. फोनमधून जुनी नोंद काढली, मशीन बंद करून चालू केलं (बऱ्याच मशीन्स चालू झाल्यावर पहिली काही मिनिटंच पेअरिंगला तयार असतात), नव्याने जोडलं. झालं. हेडफोनचंही साधारण हेच. फक्त तो दुसऱ्याच कुठल्या फोनला किंवा लॅपटॉपला चिकटलेला नाही ना, ते आधी बघा.

पण माझं डोकं फिरलं ते वेगळ्याच गोष्टीवरून. बाबा वीज मंडळातून रिटायर झाले. लाइनवरचे फॉल्ट शोधण्यात उभा जन्म गेला. आणि हा माणूस चार दिवस 'कनेक्ट होऊ शकले नाही, पुन्हा प्रयत्न करा' वाचत बसला आणि आईला म्हणाला, "मला नाही जमत आता हे."

अहो, जमत नव्हतं ते फोनला! आणि गंमत म्हणजे फोनला कारण कळू शकतं. ब्लूटूथच्या स्पेसिफिकेशनमध्ये एररचे वेगवेगळे नंबर आहेत. समोरच्या यंत्राने हाकेला ओच दिली नाही तर ४, 'पेज टाइमआउट'. किल्ली गहाळ असेल तर ६, 'पिन ऑर की मिसिंग'. एवढं सगळं खाली लॉगमध्ये पडून राहतं आणि वर स्क्रीनवर येतं काय, तर पुन्हा प्रयत्न करा. किल्लीच नाही तर शंभरदा प्रयत्न करून काय होणार, कपाळ?

फोनने आपणहून जुनी किल्ली फेकू नये, हे मला पटतं. नाहीतर कोणीही तेच नाव लावून आत घुसेल. पण तोंडाने सांगायला काय हरकत आहे? 'हे मशीन रीसेट झालेलं दिसतंय, जुनी नोंद काढून परत जोडा.' एक वाक्य. यावर "युजर गोंधळतो" हे आमच्याकडचं ठरलेलं उत्तर. बाबांना मी सगळं समजावलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "मग हे लिहिलं असतं तर मीच केलं असतं की."

सोमवारी ऑफिसात जाऊन मी माझाच कोड उघडला. 'काहीतरी चूक झाली, पुन्हा प्रयत्न करा' हा मेसेज मी स्वतः तीन ठिकाणी लिहून ठेवलाय. दोन बदलले. तिसऱ्यावरून रिव्ह्यूमध्ये अजून भांडण चालू आहे.