तुमच्या मुलाचे मेंटॉर कोण?

बारावीचा निकाल लागला की पालक आम्हाला हमखास विचारतात, "अमुक कॉलेज चांगलं आहे ना?" चांगले म्हणजे घराजवळचे, परवडणाऱ्या फीचे आणि मुलीला जाण्या-येण्याला सुरक्षित. हे पाहायलाच हवे. पण प्रवेश झाल्यावर कॉलेजला आणखी एक प्रश्न विचारावा, असे आम्ही सुचवू : "आमच्या मुलाचे मेंटॉर कोण?"

मेंटॉर म्हणजे वीस-पंचवीस, कुठे त्याहून जास्त विद्यार्थ्यांची काळजी वाहण्यासाठी नेमलेले प्राध्यापक. काही कॉलेजांत याला 'शिक्षक-पालक योजना' म्हणतात. हजेरी, परीक्षा, शिष्यवृत्ती, घरची अडचण, यांपैकी काहीही त्यांच्याकडे न्यावे, अशी ही सोय आहे.

ही सोय कॉलेजची मेहेरबानी नव्हे. विद्यापीठ अनुदान आयोगाने 1994 साली 'नॅक' ही संस्था स्थापन केली. तिचे मुख्यालय बंगळुरूत आहे. आजवरच्या पद्धतीत नॅक कॉलेजांना 7 निकषांवर तपासत आली. किती विद्यार्थ्यांमागे एक मेंटॉर आहे, अभ्यासात मागे पडणाऱ्यांसाठी काय केले जाते, हे त्यात विचारले गेले आहे. या कामावर कॉलेजातच नजर ठेवण्यासाठी 'अंतर्गत गुणवत्ता हमी कक्ष' असतो. सगळे त्याला आयक्यूएसी म्हणतात. प्राचार्य त्याचे अध्यक्ष असतात. प्राध्यापकांबरोबर विद्यार्थी, माजी विद्यार्थी आणि गावातील प्रतिनिधींनाही त्यात जागा आहे. कक्षाचा वार्षिक अहवाल कॉलेजच्या संकेतस्थळावर असतो. तो कोणालाही वाचता येतो.

मग अडते कुठे? कागद आणि माणूस यांच्यामध्ये. यादी फलकावर लागते, मेंटॉरच्या वहीत सह्या होतात. काही ठिकाणी तर समिती येणार म्हटल्यावर वर्षभराच्या सह्या एका दुपारी होतात. पण दोष एकट्या कॉलेजचा नाही. आपली मुलेही मेंटॉरच्या दारापर्यंत जात नाहीत, आणि आपण त्यांना 'जा' म्हणत नाही.

आमची एक विद्यार्थिनी उर्दू माध्यमातून दहावी झाली आणि पुढे विज्ञान शाखेच्या पदवीला गेली. वर्गात सगळे इंग्रजीत. पहिल्या सत्रात दोन विषय राहिले. एटीकेटी म्हणजे पुढच्या वर्गात बसून राहिलेला विषय पुन्हा देता येतो, हे तिला ठाऊक नव्हते. आपण नापास झालो, शिक्षण संपले, असे समजून ती गप्प राहिली. अम्मीला वाटले तब्येत बरी नाही, अब्बांना वाटले मन लागत नाही. घरात लग्नाचा विषय निघाला. मेंटॉरच्या यादीत तिचे नाव होते. मॅडमना ती एकदाही भेटली नव्हती. मोठ्या बहिणीने तिला बळेच कॉलेजात नेले. मॅडमनी अर्धा तास बसवून परीक्षेचा अर्ज समजावला आणि ग्रंथालयातली सोप्या भाषेतली पुस्तके दाखवली. ती आज तिसऱ्या वर्षाला आहे. अर्ध्या तासाचे काम होते, पण त्याविना एक शिक्षण बंद पडत होते.

म्हणून घरच्यांना आमच्या चार सूचना आहेत.

पहिल्याच महिन्यात मेंटॉरचे नाव आणि भेटण्याची वेळ मुलाला लिहून आणायला सांगा. अडचण नसतानाच पहिली भेट होऊ द्या. ओळख असली की अडचणीत तोंड उघडते.

महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरला की मेंटॉरच्या कानावर घाला. कॉलेजकडे पडून राहिलेला अर्ज त्यांच्या विचारण्याने पुढे सरकतो.

कॉलेजात पालकसभा असेल तर जा. अब्बांना कामावरून सुटी नसेल तर अम्मीने जावे. "मला इंग्रजी येत नाही" हे घरी बसायचे कारण नव्हे. तिथले प्राध्यापक मराठी-हिंदीत बोलतातच.

आणि प्रवेश अर्जावर मुलाचा स्वतःचा ई-मेल द्या, सायबर कॅफेवाल्याचा नको. मूल्यांकनाच्या वेळी नॅक विद्यार्थ्यांना थेट ई-मेलने प्रश्नावली पाठवत आली आहे. तुम्हाला दिलेल्या कामाचा मेंटॉर पाठपुरावा करतात का, हाही त्यात एक प्रश्न असतो. पत्ता भलत्याचा असला की मुलाचे मत कुठेच पोहोचत नाही. आणि पोहोचलेल्या प्रश्नावलीत न वाचता 'उत्तम' लिहिणे म्हणजे आपल्यामागून येणाऱ्या मुलांचे नुकसान करणे. जे आहे तेच लिहावे.

मेंटॉरकडे जाऊनही दाद लागली नाही तर आयक्यूएसीच्या समन्वयकांना अदबीने, पण लेखी सांगा. अर्जाची एक प्रत शिक्का मारून घ्या.

या महिन्यात ज्यांच्या घरून कोणी पहिल्यांदा कॉलेजची पायरी चढत असेल, त्यांनी आज रात्री जेवताना विचारावे, "बेटा, तुझे मेंटॉर कोण?" उत्तर नसेल तर उद्या कॉलेजातून आणायला सांगावे.