शेवटच्या नळाचा दाब कोण मोजणार?

महाडच्या चवदार तळ्याचे पाणी बाबासाहेबांनी २० मार्च १९२७ रोजी ओंजळीत घेतले. त्या हक्कावर मुंबई हायकोर्टाचे शिक्कामोर्तब व्हायला १९३७ साल उजाडले. आता तळ्याची जागा नळाने घेतली आहे. २०१९ साली जल जीवन मिशन आले, माणशी रोज ५५ लिटरचा आकडा कागदावर आला. नळ दारात आला म्हणजे पाणी आले असे मानणाऱ्यांना आमचा साधा प्रश्न आहे, नळाला दाब किती?

तारकर्लीची जमीन पाहा. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्लीची खाडी, मधे वाळूची चिंचोळी पट्टी. शहरात पाइप फुटला की रस्त्यावर तळे साचते, पेपरात फोटो येतो. वाळूत गळलेले पाणी वाळूच पिऊन टाकते. गळती दिसत नाही, म्हणून ती नाहीच असे ठरते. मग सांगायला सोपे, 'पाणीच कमी आहे.' १९९७ पासून पर्यटन जिल्हा म्हणून मिरवणाऱ्या सिंधुदुर्गात हे कारण आम्हाला पटत नाही.

गळती दाबावर चालते. टाकीतल्या पाण्याची पातळी नळापेक्षा १० मीटर उंच असेल तर दाब सुमारे १ किलो. दाब निम्मा केला तर लोखंडी पाइपाच्या गोल भोकातली गळती तीसेक टक्क्यांनी उतरते. प्लास्टिकच्या पाइपाला उभी चीर असेल तर ती चीरही आकसते आणि गळती साठ टक्क्यांहून अधिक घटू शकते. आणि कोकणात आज पाइप बहुतेक प्लास्टिकचेच! पाइप न बदलता, एकही खड्डा न खणता एवढे पाणी वाचते.

पण दाब कुठे कमी करायचा? सरसकट टाकीवरच केला तर मरण शेवटच्या घराचे. टाकीजवळच्या फाट्यांवर दाब जास्त असतो, तिथे व्हॉल्व्ह आवळावा लागतो, मोठ्या योजनेत दाब कमी करणारा व्हॉल्व्ह बसवावा लागतो. तेव्हा उरलेला जोर टोकाला पोचतो. आणि कोकणात गावाच्या टोकाला बहुधा कोण राहते, हे आमच्या वाचकांना सांगायला नको. पाइपाला थेट मोटार लावून पाणी ओढणारा आपल्या पुढच्या सगळ्यांचा दाब चोरतो. पाइप रिकामा पडला की त्याच भेगांतून बाहेरचे घाण, खारे पाणी आत शिरते, ते वेगळेच.

१९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात बाबासाहेबांनी पाण्याचा विचार इंजिनियरांना सोबत घेऊन केला. आमच्या कार्यकर्त्यांनी पाणीपट्टीच्या पावतीबरोबर दाबमापकही हाती घ्यावा. तो काही फार महाग नसतो. पाणी सुटल्यावर पहिल्या नळाला काटा कुठे, शेवटच्या नळाला कुठे, हे दोन आकडे आठवडाभर वहीत लिहावेत आणि ती वही पुढच्या ग्रामसभेत सरपंचांसमोर ठेवावी.