विश्लेषण : पोथ्या स्कॅन झाल्या, मग सागा शिकायला आइसलँडला कशाला जायचे?

वासराच्या कातड्यावर लिहिलेली मध्ययुगीन आइसलँडिक पोथी आज मोबाइलवर झूम करून पाहता येते. तरीही हे साहित्य शिकायला परदेशी विद्यार्थी आइसलँड विद्यापीठात येतात. हा खर्च आणि खटाटोप गरजेचा आहे का?

सागा म्हणजे काय?

नवव्या शतकाच्या अखेरीस मुख्यतः नॉर्वेतून आलेल्या लोकांनी आइसलँडमध्ये वस्ती केली. त्यांच्या घराण्यांतली भांडणे, खटले, सूड आणि समेट यांच्या गद्य कथा म्हणजे सागा. बहुतेक घटना ९३० ते १०३० या काळातल्या मानल्या जातात. लेखन मात्र तेराव्या-चौदाव्या शतकातले. सर्वांत गाजलेली ‘न्याल्स सागा’ साधारण १२८० ची.

जागेवर काय कळते?

या सागेतल्या गुन्नारला तीन वर्षांच्या हद्दपारीची शिक्षा होते. जहाजाकडे जाताना घोडा अडखळतो, तो खाली उतरतो आणि वळून आपल्या शेताचा उतार पाहतो. मग जहाज सोडून घरी परततो आणि पुढे मारला जातो. असे का, याची चिकित्सा कथा करत बसत नाही. तिथे उभे राहिले की एका बाजूला नदीने पसरवलेली राखाडी वाळू आणि दुसरीकडे हिरवा उतार दिसतो. गावाचे नावही ह्लीदारएन्दी, म्हणजे ‘उताराचे टोक’. शब्दकोशातला अर्थ इथे डोळ्यांसमोर असतो.

भाषेचेही तसेच. लिखित आइसलँडिक इतकी कमी बदलली आहे की आजचा वाचक थोड्या टिपांच्या आधारे सागा वाचू शकतो. उच्चार बदलले, पण व्याकरणाच्या पुस्तकातली विभक्ती विद्यार्थ्याला बेकरीच्या रांगेतही ऐकू येते.

मग जमीन हाच पुरावा?

नाही. इथेच सावध राहायला हवे. वस्तीच्या काळातली बर्चची झाडी तोड आणि चराईमुळे बहुतांशी गेली, मातीची धूप झाली. आजचा उघडा माळ म्हणजे दहावे शतक नव्हे. शिवाय काही अभ्यासकांच्या मते काही प्रसंग गावांच्या नावांवरूनच रचले गेले. म्हणजे नाव कथेला दुजोरा देते असे वाटते, तेव्हा कदाचित कथाच नावातून निघालेली असते. जागा पाहून सागा खरी ठरत नाही. ती कोणासाठी आणि कशाच्या आधारे सांगितली गेली, हे मात्र उमजते.

आइसलँडने पोथ्यांसाठी आग्रह का धरला?

आर्नी माग्नुसन यांनी जमवलेल्या पोथ्या दीर्घकाळ कोपनहेगनमध्ये होत्या. १९७१ मध्ये पहिल्या दोन पोथ्या जहाजाने रेक्याविकला परतल्या, तेव्हा बंदरावर गर्दी लोटली होती. हे हस्तांतर १९९७ पर्यंत चालले. मजकूर तर छापील पुस्तकांतही होता. लोकांना पोथी तिच्या भूमीत हवी होती.

मराठीला हे परके नाही. चक्रधरस्वामींच्या वास्तव्याच्या जागा नोंदवणारी ‘स्थानपोथी’ महानुभावांनी जपली. रिद्धपूरला आता मराठी भाषा विद्यापीठही आहे. तिथल्या विद्यार्थ्याने ‘लीळाचरित्र’ वाचताना एकदा तरी स्थानपोथी हातात घेऊन चालावे. स्कॅनमुळे पोथी सर्वांच्या हाती आली, हे मोठेच काम झाले. पण तेवढ्यावर शिक्षण संपले असे मानून विद्यापीठांनी क्षेत्रभेटींचा खर्च कापू नये.