रंगाची ओळ

तुळशीचं लग्न लागलं की आपल्या जालना जिल्ह्यात बायोडाटे फिरू लागतात. भोकरदनच्या मामाकडून मंठ्याच्या आत्याकडे, तिथून समाजाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आणि ग्रुपवरून पुण्यात नोकरीला असलेल्या मुलाच्या फोनवर. त्यात शिक्षण असतं, मामाचं आडनाव असतं, रास, उंची, शेती किती एकर हेही असतं. पण बोट आधी फोटोवर जातं. फोटो मोठा करून पाहिला जातो आणि खालचं वाचायचं की नाही हे तिथंच ठरतं. यंदाचा दिवाळी अंक आम्ही या फोटोला वाहिला आहे.

दिवाळीचे दिवस म्हणजे आपल्याकडे कापूस वेचणीचे दिवस. बीएस्सीला असलेली मुलगी सुट्टीत घरी येते आणि आईबरोबर पऱ्हाटीत उतरते. ऑक्टोबरच्या उन्हात चेहरा रापतो, बोंडांच्या टोकांनी बोटं सोलवटतात. नेमका त्याच आठवड्यात घरातून हुकूम सुटतो : पाहुण्यांना फोटो पाठवायचाय, स्टुडिओत जाऊन ये. स्टुडिओवाला काही विचारत नाही. दोन मिनिटांत रंग उजळतो, गाल गुळगुळीत होतात, हनुवटी निमुळती होते, मानेवरचा तीळ नाहीसा होतो. मुलीला कुणी वावगं बोललेलं नसतं, तरी तिला कळायचं ते कळतं : आहे तशी तू पाठवण्याजोगी नाहीस. मग पाहुणे येतात, पोहे खातात आणि जाताना कुणीतरी म्हणतं, "फोटोत वेगळी दिसत होती." लबाडी तिनं केलेली नसते, पण नकार मात्र तिच्या पदरात पडतो.

मुलांचीही सुटका नाही. शेती करणाऱ्या मुलाला स्थळ मिळत नाही, हे दुखणं गावोगावचं आहे. म्हणून शेतात कमावलेला देह कोटात झाकला जातो, दुसऱ्याच्या गाडीला टेकून फोटो निघतो, विरळ केसांवर टोपी येते, उंचीत दोन इंच वाढतात. हा खोटेपणा आपल्याच मातीतला आहे, असंही नाही. न्यूयॉर्कमध्ये ऑनलाइन जोडीदार शोधणाऱ्या ८० जणांची उंची आणि वजन संशोधकांनी प्रत्यक्ष मोजलं, वयही तपासलं. २००७ साली त्यांनी जाहीर केलं, की दहातल्या आठांनी यांपैकी कशात तरी फेरफार केला होता. बहुतेकांचा फेरफार अगदी थोडा होता. पुरुषांनी उंची वाढवली होती, बायकांनी वजन घटवलं होतं. फसवायचा बेत कुणाचाच फारसा दिसत नाही. दिसते ती भीती, आणि ती भीती मला आपल्या घरांतली वाटते.

त्या भीतीला कॅमेरा खतपाणी घालतो, हे आपल्या मुलामुलींना कुणी सांगत नाही. हात लांब करून काढलेल्या सेल्फीत फोन चेहऱ्यापासून जेमतेम फूटभर असतो. इतक्या जवळून नाक पाच फुटांवरून काढलेल्या फोटोपेक्षा सुमारे ३० टक्के रुंद दिसतं, असं अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ साली गणित मांडून दाखवलं. म्हणजे माझं नाक फताडं आहे म्हणून झुरणाऱ्या कितीतरी मुलींचं नाक मुळात नीट आहे, जवळ आणलेल्या फोननं ते फुगवलेलं आहे. दुसरी गोष्ट आरशाची. आरशात आपण स्वतःला उलटे पाहतो, डाव्याचं उजवं. १९७७ सालच्या एका प्रयोगात असं आढळलं, की स्वतःला आपली आरशातली प्रतिमा आवडते आणि मैत्रिणींना मात्र फोटोतली. फोटोत आपण विचित्र दिसतो असं जे वाटतं, त्याचं कारण बव्हंशी इतकंच आहे : तो चेहरा जगाच्या ओळखीचा असतो, आपल्या नसतो.

म्हणून फोटो निवडायला एकट्यानं बसू नये. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठाच्या अभ्यासकांनी २०१७ साली दाखवून दिलं, की आपला चांगला फोटो आपल्यापेक्षा परकी माणसं अधिक नेमका निवडतात. पुण्या-संभाजीनगरात राहणारी आपली मुलं डेटिंग ॲप वापरतात. घरी सांगत नाहीत, पण वापरतात, आणि त्यात लपवण्यासारखं काही आहे असं मला वाटत नाही. तिथेही फोटो द्यावे लागतात. त्यांनी ते आधी मैत्रिणीला, रूममेटला दाखवावेत. सकाळच्या उजेडात, चार-पाच फुटांवरून दुसऱ्यानं काढलेला एक फोटो असावा. पूर्ण उभा एक असावा. आणि एक आपण जे करतो ते करतानाचा, मग ते मोसंबीच्या बागेतलं काम असो, नाहीतर प्रयोगशाळेतलं. ब्युटी मोड बंद ठेवावा. समोरच्यानं भेटीच्या ठिकाणी आपल्याला लांबून ओळखलं पाहिजे, एवढीच कसोटी पुरे.

दिवाळी अंकानं हे बोलण्याला कारण आहे. १९०९ साली का. र. मित्र यांच्या 'मनोरंजन'नं सुरू केलेल्या या परंपरेत मुखपृष्ठावर स्त्री आली आणि रुळली. दीनानाथ दलालांच्या आणि रघुवीर मुळगावकरांच्या स्त्रिया आपल्या घराघरांत पोचल्या. त्या चित्रांवर माझं प्रेम आहे. मुळगावकरांच्या चित्रातल्या बाईच्या गालावर डाग नसतो, पण ते चित्र आहे हे पाहणाऱ्याला ठाऊक असतं. बायोडाट्यातला फोटो मात्र पुरावा म्हणून पाहिला जातो, म्हणून तिथली सफाई माणसाला जखम करते. यंदा आमच्या मुखपृष्ठावर अंबड तालुक्यातल्या वेचणीला गेलेल्या एका बाईंचा फोटो आहे. तो त्यांच्या परवानगीनं घेतला आहे आणि त्यातली एक सुरकुतीही पुसलेली नाही.

एका गोष्टीवर आपण बोलतच नाही, ती म्हणजे कोड. हनुवटीवर, बोटांवर पांढरा डाग दिसला की स्थळ मोडतं, बहिणीचंही मोडतं. कोड संसर्गानं पसरत नाही आणि कुष्ठरोगाशी त्याचं काही नातं नाही. तरी अशा मुलीचा फोटो एका विशिष्ट कोनातून काढला जातो आणि घरातले सगळे त्या कोनाला जपत बसतात. डाग उघड दाखवणारा फोटो पाठवायला जे धैर्य लागतं ते एकट्या मुलीकडून मागणं अन्याय आहे. ते आधी आई-वडिलांनी दाखवायला हवं.

जगात थोडं हललं आहे. १९७५ साली बाजारात आलेल्या 'फेअर अँड लव्हली'नं २०२० मध्ये नावातला गोरेपणा काढला. त्याच वर्षी जून महिन्यात परदेशस्थ भारतीय महिलांच्या याचिकेनंतर शादी डॉट कॉमला त्वचेच्या रंगावरून स्थळ शोधायची सोय हटवावी लागली. नॉर्वेत तर जाहिरातीतला फेरफार केलेला देह तसा आहे असं त्यावर छापावंच लागतं. आपल्या बायोडाट्यात मात्र उंचीच्या खालची ओळ अजून तशीच आहे. रंग : गोरा. रंग : निमगोरा. सावळा लिहिलेला बायोडाटा माझ्या पाहण्यात फार क्वचित आला, आणि हा जालना जिल्हा आहे, इथं आठही तालुक्यांत माणसं उन्हात राबतात.

ही ओळ कोणत्याही कायद्यानं घातलेली नाही. ती खोडायला कुणाची परवानगी लागत नाही. या लग्नसराईत आपल्या घरातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक बायोडाट्यावरून ती खोडा. मुलाकडचे असाल तर "मुलगी गोरी आहे का?" हा प्रश्न मध्यस्थाला विचारू नका आणि दुसऱ्यानं विचारला तर तिथंच अडवा. स्टुडिओवाल्याला आधीच सांगा, चेहऱ्याला हात लावायचा नाही.