'अल्टरनेटर गेला' म्हणजे नेमकं काय गेलं?

डॅशबोर्डवर बॅटरीचा लाल दिवा लागला, की बरेच जण आधी नवी बॅटरी आणतात. दोन दिवसांत तीही बसते. मग कोणीतरी सांगतं, "अल्टरनेटर गेलाय, बदलावा लागेल." लगेच आपण विचारतो, "किती?" मित्रांनो, माझ्या मते हा प्रश्न दुसरा आहे. पहिला प्रश्न असा, की त्यातलं नेमकं काय गेलं?

अल्टरनेटरची फेजर डायग्रॅम आपण परीक्षेत डोळे मिटून काढतो. गाडीतला अल्टरनेटर त्याचाच धाकटा भाऊ. फिरणारा रोटर, भोवती स्टेटरचं वाइंडिंग, एसीचं डीसी करणारे डायोड, व्होल्टेज ताब्यात ठेवणारा रेग्युलेटर, बेअरिंग आणि स्लिप रिंगवर घासणारे दोन कार्बन ब्रश. यातले ब्रश आणि बेअरिंग झिजणारच. चपलेचा अंगठा तुटला म्हणून कोणी नवा जोड घेत नाही, अंगठा शिवून घेतो. मग इथेच अख्खी असेंब्ली का?

माझे काका टुरिस्ट गाडी चालवतात. त्यांना सर्व्हिस सेंटरने एस्टिमेट दिलं, मजुरी-टॅक्स धरून साडेचौदा हजार! काकांनी एसी बंद ठेवून गाडी कशीबशी बॅटरीवर एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडे नेली. त्याने अल्टरनेटर उतरवला, उघडला आणि नखाएवढे उरलेले ब्रश काकांच्या हातावर ठेवले. ब्रश, एक बेअरिंग आणि मजुरी मिळून सोळाशे रुपये. वाचलेले जवळपास तेरा हजार म्हणजे काकांचा गाडीचा एक हप्ता. ते दोघंही अल्टरनेटरला 'डायनामो'च म्हणतात. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलो, मला प्रत्येक पार्टचं स्पेलिंग येतं. उघडता मात्र त्यांना येतं!

सर्व्हिस सेंटरवाले सगळे चोर, असं मला म्हणायचं नाही. वाइंडिंग जळलं असेल तर नवा किंवा रिकंडिशन केलेला घेणंच परवडतं. नव्या पार्टला वॉरंटी मिळते. शिवाय बऱ्याच नव्या गाड्यांत चार्जिंग व्होल्टेज इंजिनचा कॉम्प्युटर ठरवतो, तिथे नुसत्या अंदाजाने भागत नाही. माझी तक्रार एवढीच, की गिऱ्हाइकासमोर एकच पर्याय ठेवला जातो.

ही तक्रार माझ्या एकट्याची नाही. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. कारण काय, तर सुटे भाग आणि तपासणीची साधनं बाहेरच्या गॅरेजना सहज मिळू न देणं. प्रकरण पुढे अपिलात गेलं, पण मुद्दा उरलाच. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं, त्यात वाहनंही आहेत. पण हक्क कागदावर मिळून काय उपयोग? दुरुस्ती करणारा हात आणि प्रश्न विचारणारं तोंड, दोन्ही हवीत.

सुरुवात मल्टिमीटरने करा. बॅटरी चांगली असेल तर इंजिन बंद असताना साधारण १२.६ व्होल्ट दिसतात, चालू केल्यावर साधारण १३.५ ते १४.५. आकडा चढलाच नाही, तर आधी बेल्ट आणि कनेक्शन बघा. चालू इंजिनवर बॅटरीची वायर काढून बघायची जुनी युक्ती मात्र करू नका, व्होल्टेज उसळून इलेक्ट्रॉनिक्स उडू शकतं. मग मेकॅनिकला तीन गोष्टी विचारा: कुठला पार्ट गेला, तो दाखवता का, आणि तेवढाच बदलला तर किती?

सरांना एक विनंती. भंगारातून चार-पाच जुने अल्टरनेटर आणून वर्कशॉपच्या टेबलावर ठेवा आणि आम्हाला पाने द्या. व्हायव्हात फेजर डायग्रॅम खुशाल विचारा, पण त्याआधी एकदा विचारा, "हा बंद आहे. यातलं काय गेलंय?" चार वर्षांनी डिग्री हातात पडेल तेव्हा एवढं उत्तर तरी आम्हाला देता यायला हवं.